जुना बी-२७५ ट्रॅक्टर थंडीत उचलत नाही, हीटर तापत नाही, बॅटरी उकळते: तिन्हीचं मूळ रंगात निघालं

तीन हिवाळे आमचा एकच प्रॉब्लेम चालला होता, दर वेळी वाटायचं झालं आता नीट, आणि महिना-दीड महिन्यात परत तेच. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला बटण दाबलं की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) एक-दोन आचके देणार आणि कट्ट करून थांबणार. आम्ही निफाड तालुक्यातले, इकडे थंडीत पारा ५-६ अंशांवर येतो, आणि नेमका त्याच दिवसांत लाल कांद्याची ट्रॉली लासलगावला वेळेत पोचवायची असते, म्हणजे ज्या दिवशी ट्रॅक्टर हमखास लागतो त्याच दिवशी तो बसलेला. या तीन वर्षांत दोन बॅटऱ्या घेतल्या, सेल्फ दोनदा खोलला, कार्बन बदलले, बुश बदलले, थंडीत इंजिन आतून तापवणाऱ्या हीटर प्लगचा अख्खा सेट बदलला. शेवटी वायरिंग मुळापासून काढून नवीन टाकायला घेतलं तेव्हा कळलं की बदललेल्यातलं बरंचसं बदलायची गरजच नव्हती. ज्यांच्याकडे असा जुना ट्रॅक्टर आहे त्यांचा खर्च आणि मनस्ताप वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ट्रॅक्टर म्हणजे इंटरनॅशनल बी-२७५. महिंद्रानं १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली, हे मॉडेल त्या काळातलं, आमच्याकडे आजोबांपासून आहे. इंजिन अजून ठणठणीत आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही आणि कंपनीच्या मूळ वायरिंगबद्दलही नाही, जे झालं ते नंतरच्या हातांनी झालं.

एक गोष्ट आधी सांगतो कारण बोलताना सगळे "इग्निशनचं वायरिंग" म्हणतात. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो, कॉइल नसते, पॉइंट नसतात. हवा दाबून तापते आणि तिच्यात डिझेल फवारलं की पेट घेतं. त्यामुळे चावीच्या वायरिंगची कामं तीनच, सेल्फ जोरात फिरवणं, हीटर प्लग तापवणं आणि डायनामोनं बॅटरी परत भरणं. सेल्फ हळू फिरला तर हवा पुरेशी तापत नाही, आणि हीटर थंड असेल तर आमच्या इंजिनासारखं जुनं इंजिन थंडीत नुसता पांढरा धूर काढत बसतं. म्हणजे या तिघांपैकी कुणी एक जरी कमी पडला तरी बाहेरून दिसायला तक्रार एकच, चालू होत नाही. आमच्याकडे तिन्ही कमी पडत होते आणि आम्ही प्रत्येकाला वेगळा आजार समजून वेगवेगळ्या माणसाकडे नेत होतो.

पहिल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं टेस्ट लॅम्प लावला, सेल्फच्या टर्मिनलवर दिवा लख्ख पेटला. तो म्हणाला, "भाऊ, करंट येतोय, सेल्फच गेलाय, उतरवून द्या." आम्ही उतरवून दिला. त्याची नियत वाईट नव्हती, दिवा खरंच पेटत होता. पण इथेच सगळी गोम आहे आणि हे नीट समजून घ्या. टेस्ट लॅम्पचा बल्ब घेतो एक-दोन अ‍ॅम्पियर, सेल्फ थंडीत घेतो दोनशे-तीनशे अ‍ॅम्पियर. समजा वाटेत कुठेतरी गंजामुळे किंवा रंगामुळे ०.०१ ओहम एवढाच अडथळा आहे. दोन अ‍ॅम्पियरला तिथे ०.०२ व्होल्ट पडतील, दिवा लख्खच पेटणार. तेच २५० अ‍ॅम्पियरला अडीच व्होल्ट पडतात, आणि १२ व्होल्टाच्या सिस्टीममधून अडीच व्होल्ट गेले की सेल्फला काय उरणार. म्हणून सेल्फची तक्रार टेस्ट लॅम्पनं तपासूच नका, हेडलाइट लागते म्हणून बॅटरी आणि वायरिंग चांगलं आहे असंही धरू नका.

लागतो तो साधा डिजिटल मल्टिमीटर, स्वस्तातलाही चालतो. डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. गिअर न्यूट्रल, मागच्या चाकाला पुढून-मागून दगड, आणि स्टॉपचा नॉब ओढून धरायचा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, नुसतं फिरेल. एकानं बटण दाबायचं, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, दुसऱ्यानं मीटर वाचायचा. मीटरची टोकं क्लँपवर नाही टेकवायची, बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवायची, कारण क्लँप आणि खांब यांच्यामध्येच पुष्कळदा घाण असते.

आमचे आकडे असे आले. बॅटरी नुसती उभी असताना १२.६, म्हणजे फुल. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खांबांवर १०.४, ठीक. सेल्फचा मोठा बोल्ट आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये मात्र ७.३. आता ३.१ व्होल्ट गेले कुठे? बॅटरीचा अर्थचा (म्हणजे ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडलेला) खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यात मीटर लावला, तिथे २.३ निघाले, आणि करंटच्या बाजूला, म्हणजे बॅटरीचा दुसरा खांब ते सेल्फचा बोल्ट, ०.८. धडधाकट वायरिंगमध्ये एकेका बाजूला पाव व्होल्टच्या आसपास पडायला पाहिजे, अर्ध्याच्या वर गेलं की तिथे काहीतरी आहे असं समजायचं. आमचा पाऊण घोटाळा अर्थमध्ये होता, जिकडे तीन वर्षांत कुणी बघितलंही नव्हतं, कारण अर्थची पट्टी दिसायला जाड, घट्ट आणि लालभडक सुंदर होती.

लालभडक! तिथेच डोक्यात उजेड पडला. मी आण्णांना विचारलं की हा त्रास नक्की कधीपासून, ते म्हणाले, "दसऱ्याला रंग दिला ना आपण, त्याच्या पुढच्या थंडीपासून." खंडेनवमीच्या पूजेच्या आधी आण्णांनी ट्रॅक्टर पूर्ण खोलून रंगवून घेतला होता, खालून प्रायमर आणि वर दोन हात लाल. रंगाऱ्यानं काम मन लावून केलेलं, एक कोपरा सोडला नव्हता. अर्थची पट्टी चेसिसला जिथे बसते ती जागाही रंगवली आणि वाळल्यावर पट्टी वर कसली. करंट जात होता तो फक्त बोल्टाच्या आट्यांमधून, तेवढ्यावर दिवे, हॉर्न सगळं मजेत चालायचं, सेल्फला मात्र ते पुरायचं नाही.

बोल्ट काढला तेव्हाचं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. पट्टीच्या भोकाभोवती जाड लाल रंगाचं गोल कडं, आणि आतल्या कडेला नखाएवढी जागा फक्त चकचकीत आणि जराशी निळसर जळालेली. एवढ्या नखाएवढ्या जागेवर तीन वर्षं ट्रॅक्टर उचलत होता. पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू पांढऱ्या पडेपर्यंत घासल्या, दातेरी वॉशर टाकला, कसला, आणि कसल्यानंतर वरून व्हॅसलिन लावलं. व्हॅसलिन आधी नाही, नंतर, मधे काही येता कामा नये. आणि एक नवीन अर्थ केबल सरळ बॅटरीपासून, सेल्फची बॉडी इंजिनाला जिथे कसतात त्या बोल्टाखाली घेतली (करंटच्या मोठ्या बोल्टाला नाही), म्हणजे करंटला चेसिसमधून, गिअरबॉक्सच्या रंगवलेल्या जोडांमधून फिरत यायची गरजच नको.

मग करंटच्या बाजूचे ०.८. हे वेगळं निघालं. रंगकामाच्या वेळीच सडलेली बॅटरीची पेटी बदलून नवी जरा बाजूला बसवली होती, केबल वीतभर कमी पडली म्हणून कुणीतरी तुकडा जोडून वर टेप गुंडाळलेला. सकाळी थंड असताना तिथे ०.८ पडत होते, पण दोन तास रोटाव्हेटर मारून इंजिन गरम झाल्यावर मोजलं तर २.१! म्हणजे आमची जी दुसरी तक्रार होती की शेतात बंद केला की लगेच परत घेत नाही, थोडा गार झाला की घेतो, ती या जोडाची. अशी जागा हातालाही सापडते, दोन-तीनदा सेल्फ मारा आणि लगेच केबलवरून हात फिरवत जा, खराब जोड चटका देण्याइतका गरम लागतो. ब्लेडनं टेप उभी चिरली तर आत सगळी हिरवी भुकटी, तारा चिमटीत धरल्या तर मोडून हातात आल्या, तांब्याच्या रंगाच्या जेमतेम पाव तारा शिल्लक. केबलला मधे जोड द्यायचाच नाही, पूर्ण नवीन टाका. आम्ही ५० स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) वेल्डिंग केबल आणली, बॅटरीच्या दुकानात प्रेसवर तांब्याचे लग (केबलच्या टोकाच्या कड्या) दाबून घेतले, वर श्रिंक स्लीव्ह. हातोडीनं ठोकलेला लग घेऊ नका, तो वर्षभरात ढिला पडतो.

आता हीटर, इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. या जुन्या इंजिनाचे चार हीटर प्लग सिरीजमध्ये असतात, जुन्या लाइटच्या माळेसारखे, एका प्लगमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटच्याचं टोक इंजिनाला अर्थ. एक गेला की चारही थंड. प्रत्येक प्लगवर १२ व्होल्ट नसतात, २ व्होल्टच्या आसपासच असतात, बाकीचे डॅशवरच्या इंडिकेटरच्या कॉइलमध्ये आणि रेझिस्टन्समध्ये पडतात. म्हणून बाजारात मिळणारे १२ व्होल्टवाले नवीन पद्धतीचे प्लग यात मिसळायचे नाहीत, ते पॅरललचे, म्हणजे प्रत्येकाला थेट १२ व्होल्ट मिळणारे, त्यांचं वायरिंगच वेगळं. आणि जुन्या प्लगवर १२ व्होल्ट थेट लावून "तापतो का बघू" असं तर अजिबात करू नका, क्षणात जातो. आमचा एक असाच घालवलेला.

तपासायची पद्धत सोपी आहे. हीटर चालू करून एकेका प्लगच्या दोन टोकांमध्ये मीटर लावा. चारही ठिकाणी २-२ च्या जवळ आले तर साखळी ठीक. एकावर पूर्ण बॅटरीचा व्होल्ट आला आणि बाकी तिघांवर शून्य, तर तो एक तुटलेला. एकावर शून्य आणि बाकीच्यांवर जरा जास्त, तर तो कार्बननं किंवा वॉशर फुटल्यानं शॉर्ट आहे. आमच्याकडे चौघांवर मिळून जेमतेम चार व्होल्ट, म्हणून डोकं चालेना, प्लग तर नवीन. शेवटी शेवटच्या प्लगचं टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर टेकवला, जिथे शून्य यायला पाहिजे तिथे पाच व्होल्ट. त्या अर्थच्या पट्टीखालीही रंग! ती जागा घासली, आणि डॅशवरची इंडिकेटरची तार जी तीन वर्षांत नुसती काळपट राहायची ती अर्ध्या मिनिटात केशरी झाली. आण्णा शेजारीच उभे होते, म्हणाले, "पूर्वी अशीच व्हायची रे."

प्लगच्या पट्ट्या कसताना दोन पाने वापरा, खालचा नट एका पान्यानं धरून ठेवायचा आणि वरचा दुसऱ्यानं कसायचा, नाहीतर आतला दांडा फिरतो आणि इन्सुलेशनचा वॉशर फुटतो. थंडीत ३०-४० सेकंद हीटर पुरतो, मिनिटाच्या वर धरू नका. आणि हीटर असलेल्या इंजिनात तो सुरू होईना म्हणून इथरचा स्प्रे मारू नका, तापलेल्या प्लगवर तो नको त्या वेळी पेटतो, पिस्टन फुटू शकतो.

हीटर ३०-४० अ‍ॅम्पियरच्या घरात खातो, आणि आमच्याकडे मूळ स्विच जाऊन त्याजागी घरातल्या पंख्याला लावतो तसला स्विच आणि दीड स्क्वेअरची घरगुती वायर होती. ती वायर गरम होऊन कडक झालेली, वाकवली की तडा जायचा. आता सेल्फच्या बोल्टावरून सरळ १० स्क्वेअरची ऑटो केबल, मधे ७० अ‍ॅम्पियरचा हीटरचा रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच), आणि डॅशवरचा स्विच फक्त रिले ओढतो. हीटर आणि सेल्फ यांचा करंट अ‍ॅमीटरमधून (डॅशवरच्या करंट दाखवणाऱ्या काट्यातून) नेऊ नका, तो बिचारा २०-३० अ‍ॅम्पियरचा असतो.

राहिली बॅटरी. पहिली बॅटरी दीड वर्षात गेली, दुकानदारानं झाकणं उघडून दाखवलं, पाणी तळाला आणि प्लेटा वाकलेल्या, म्हणाला चार्जिंग जास्त होतंय. मिस्त्रीनं डायनामो बघितला, चांगला. चार्जिंगवर ताबा ठेवणारा कटआऊट बदलला, तरी दुसऱ्या बॅटरीतही दर पंधरा दिवसाला पाणी घालावं लागायचं. आता तुम्ही ओळखलंच असेल. कटआऊटच्या डब्यावर ई म्हणून टर्मिनल असतं, ते अर्थ. त्यातली कॉइल व्होल्टेज बघून डायनामोची फील्ड (ज्यावर त्याचा जोर ठरतो ती कॉइल) तोडते, आणि त्या कॉइलला अर्थच मिळाला नाही तर ती तोडणारच नाही, डायनामो पूर्ण जोरात चार्ज करत राहणार. आमच्या डब्याचा अर्थ नुसता त्याच्या पत्र्यातून होता आणि तो पत्रा बसवला होता ताज्या लाल रंगावर. खड्ड्यात आदळलं की अर्थ लागायचा, सरळ रस्त्यावर सुटायचा. मी ई पासून सेल्फच्या अर्थ बोल्टापर्यंत वेगळी वायर टाकली. आता इंजिन मध्यम रेसला ठेवून बॅटरीवर १४.२ येतात आणि तिथेच राहतात, आधी १६ च्या वर जाताना मी स्वतः पाहिलेत.

डायनामो नीट आहे की नाही हे बघायचं असेल तर डायनामोवरच्या दोन्ही वायरी काढा, डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) ही टर्मिनलं एका तारेच्या तुकड्यानं जोडा, मीटर त्यांच्यावर आणि बॉडीवर लावा, आणि इंजिन हळूच रेस करा. व्होल्ट भराभर चढले, साध्या रेसलाच १२ च्या पुढे गेले, तर डायनामो चांगला. जास्त रेस करू नका, या वेळी त्याला आवर घालणारं कुणी नसतं.

वायरिंग काढताना घाई करू नका. मी आधी पुठ्ठ्यावर जसं आहे तसं चित्र काढलं, प्रत्येक वायरला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळून पेनानं नाव लिहिलं, मग एकेक काढली. बॅटरीची अर्थची बाजू पहिल्यांदा सोडायची आणि शेवटी जोडायची, पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. काही जुन्या ट्रॅक्टरवर प्लस बॉडीला असतो, मायनस नाही, म्हणून सोडायच्या आधी कुठला खांब कुठे होता ते लिहून ठेवा. पोलॅरिटी बदलायचीच असेल तर डायनामोला ती समजवावी लागते, एफ वरची वायर सोडून बॅटरीच्या करंटची तार एफ ला दोन-तीनदा नुसती टिचकी मारल्यासारखी टेकवायची, नाहीतर तो उलटा चार्ज करतो आणि कटआऊटचे पॉइंट जळतात. दिव्यांना आणि हॉर्नला फ्यूज टाकलेच पाहिजेत. वायरी वर नालीदार पाइपमध्ये घातल्या, आमच्याकडे कांदा चाळीशेजारीच ट्रॅक्टर असतो आणि उंदीर नुसतं मऊ इन्सुलेशन शोधत फिरत असतात.

आणि हात जोडून एक विनंती. सेल्फ घेत नाही म्हणून पान्यानं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फचे दोन बोल्ट शॉर्ट करून चालू करायची सवय गावोगाव आहे. माणूस तेव्हा मागच्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो, गिअरमध्ये असेल तर ट्रॅक्टर चालू होतो आणि त्याच्याच अंगावर जातो. माणसं गेलीत यात. एकदाही करू नका, पोरांना तर करू देऊच नका.

ज्यांच्याकडे फर्ग्युसनसारखा जुना पेट्रोल किंवा रॉकेलवरचा ट्रॅक्टर अजून आहे, तिथे स्पार्क असतो, कॉइल आणि पॉइंट असतात. पण तिथेही मिस मारत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक अर्थची वायर आधी बघा, ती सारखी हलून आतल्या आत तुटते आणि वरून धड दिसते.

काम झाल्यावरचे आकडे, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येतील. सेल्फ मारताना अर्थच्या बाजूला ०.१५, करंटच्या बाजूला ०.२५, सेल्फवर ९.५. बॅटरीच्या खांबांवर मात्र ९.९, म्हणजे आधीच्या १०.४ पेक्षा कमी! घाबरू नका, वाट मोकळी झाल्यावर सेल्फ आता खरा करंट ओढतो म्हणून बॅटरी जरा जास्त दबते. थंडीत ९.६ च्या खाली जायला लागली तर मग बॅटरीकडे बघा.

हे सगळे आकडे चांगले येऊनही सेल्फ हळूच फिरत असेल तर मात्र वायरिंग सोडा आणि सेल्फ उतरवा, बुश झिजून आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) आत घासत असेल, घासल्याच्या चकचकीत खुणा उघडल्याबरोबर दिसतात. आणि सेल्फ जोरात फिरतोय, हीटर केशरी होतोय तरी इंजिन धरत नाही, तर डिझेलच्या लाइनीतली एअर काढा.